वरचेवर म्हणजे किती?

दवाखान्यात नव्या पेशंटकडून जो फॉर्म भरून घेतात, त्यात ‘बाहेरचं खाणं’ या ओळीपुढे तीन चौकोन असतात: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. मराठी माणूस डोळे झाकून मधल्या चौकोनात खूण करतो. एक दिवसाआड कोपऱ्यावरची मिसळ हाणणारा ‘कधीकधी’ आणि गेल्या श्रावणापासून वडापावाला न शिवलेलाही ‘कधीकधी’च. डॉक्टर अनुभवी असले तर चौकोनाकडे बघत नाहीत, पोटाकडे बघतात.

सटीसहामाशी, अधूनमधून, कधीमधी, वरचेवर, येताजाता, उठसूट, सारखं... असल्या शब्दांचा आपल्याकडे तुटवडा नाही. पण त्यांत मोजणी कमी आणि बोलणाऱ्याचा कल जास्त, असं आपलं माझं मत. बायकोचा भाऊ दिवाळीत आणि मे महिन्यात येतो, म्हणजे ‘सारखा’ येतो. नवऱ्याची बहीणही दिवाळीत आणि मे महिन्यातच येते, पण ती बिचारी ‘कधी नव्हे ती’ आलेली असते. (हे नवऱ्याचं म्हणणं. स्वयंपाकघरात हेच दोन शब्द आपापसांत जागा बदलतात.) ‘उठसूट’ तर जन्मजात तक्रारखोर. पोरगा उठसूट मोबाइल बघतो, उठसूट मित्राकडे जातो. उठसूट अभ्यासाला बसतो म्हणून वैतागलेली आई अजून कुणाच्या पाहण्यात नाही. सोसायटीच्या फलकावरची ‘वारंवार सूचना देऊनही’ ही बहुधा दुसरी सूचना असते. आणि ‘तू कधीच फोन करत नाहीस’ हे वाक्य फोनवरच ऐकायला मिळतं, तेही आपणच लावलेल्या.

अमेरिकेत रे सिम्पसन नावाच्या अभ्यासकानं 1944 मध्ये विद्यार्थ्यांपुढे अशा शब्दांची यादी ठेवली आणि विचारलं, हा शब्द म्हणजे शंभरातून किती वेळा? 1968 मध्ये मिल्टन हॅकेल यांनी तोच खेळ पुन्हा मांडला. शब्दांची उतरंड दोन्ही वेळी साधारण तीच निघाली. ‘क्वचित’ खाली, ‘बहुतेकदा’ वर. पण एकाच शब्दाला एकेकानं दिलेले आकडे इतके लांब लांब की, ते एकाच वर्गात बसून एकमेकांशी काय बोलत असतील, असा प्रश्न पडावा.

हवामान खात्यानं मात्र असल्या शब्दांना आकड्यांचं कुंपण घातलंय. तिथं हिशेब वेळांचा नसून ठिकाणांचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. नेमका तुरळकातच आपला वाळत घातलेला कपडा सापडला, तर तो दोष कोष्टकाचा नव्हे.

युरोपातल्या औषधांच्या माहितीपत्रकांत असंच आहे. तिथं एखादा दुष्परिणाम ‘सामान्यतः आढळणारा’ म्हटला, तर तो शंभरात एकापासून दहांपर्यंत रुग्णांना होतो, असा अर्थ ठरलेला आहे. वाचणारा मात्र मनातल्या मनात कितीतरी जास्त धरतो आणि गोळी घेण्याआधीच त्याला मळमळायला लागतं.

तरीही घरगुती वापरासाठी असं कोष्टक कुणी छापू नये. ‘या हं वरचेवर’ म्हणणाऱ्या यजमानीणबाईंना ‘म्हणजे नक्की किती दिवसांनी?’ असं दारात उभं राहून विचारता येत नाही, आणि विचारायची गरजही नसते. पुढल्या खेपेला पोहे आले तर अंतर बरोबर पडलं. नुसता चहा आला तर आपण ‘सारखं’च्या हद्दीत शिरलो. आणि ‘अगंबाई, तुम्ही होय!’ एवढंच आलं, तर एखादी दिवाळी मध्ये जाऊ द्यावी.