यात खून कोणाचा?

सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या काउंटरला पोट लावून उभा असलेला आणि तुम्ही निवडलेलं पुस्तक तुमच्याच हातातून काढून घेऊन मागच्या बाजूनं चाळणारा तो गृहस्थ तुमच्याही गल्लीत असणारच. आमच्याकडे त्यांना नाना म्हणतात. पुस्तक कुठलंही असो, कोणाचंही असो, त्यांचा प्रश्न ठरलेला, ‘‘यात खून कोणाचा?’’

नानांचा पिंड बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेला. बाबूरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. नानांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी त्यातली एकही सोडलेली नाही. झुंजार आणि काळा पहाड यांच्याविषयी ते सख्ख्या काकांविषयी बोलावं तसे बोलतात. सुहास शिरवळकर चालतात, भालबा केळकरांचा होम्स चालतो, नारायण धारप मात्र अजिबात नाहीत. ‘‘भुतानं मारलं म्हटलं की विषयच संपला. भुताला कधी ॲलिबाय लागतो का रे?’’

वाचून झालेल्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या पानावर, कोपऱ्यात, नाना पेन्सिलीनं बारीक फुली मारतात. तेच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून. (ही युक्ती निम्म्या सभासदांची असते. लायब्ररीवाल्या ताईंना ती ठाऊक असते आणि त्या खोडरबर जवळ ठेवतात.) शेवटी एक दिवस असा उजाडला की रहस्यकथांच्या कपाटात फुली नसलेलं पुस्तकच उरलं नाही, आणि नाना नाइलाजानं साहित्याकडे वळले.

साहित्यावर हा प्रसंग ओढवेल असं कोणाला वाटलं होतं?

सुरुवात ‘स्वामी’नं झाली. चौथ्या दिवशी नाना तणतणत माझ्या दारात. ‘‘अरे, १७७२च्या नोव्हेंबरात माधवराव गेले. १७७३च्या ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून. पेशवाईतला सगळ्यात मोठा खून नऊ महिन्यांवर आलेला, आणि रणजित देसाई थेऊरला पुस्तक मिटून मोकळे!’’ मी म्हटलं, नाना, ती माधवराव आणि रमाबाईंची कादंबरी आहे. ‘‘मग राघोबाला इतकी पानं दिली कशाला? संशयित उभा करायचा आणि प्रेत द्यायचं नाही? ही वाचकाची फसवणूक आहे.’’

‘ययाति’ त्या मानानं बरी उतरली. त्या निमित्तानं त्यांनी कचाची मूळ गोष्ट पुन्हा काढून वाचली. राक्षसांनी कचाला मारलं, जाळलं आणि ती राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजली, हे वाचल्यावर ते दोन दिवस हरखून होते. पुरावा नष्ट करायचा तो तपास अधिकाऱ्याच्याच पोटात, ही कल्पना अर्नाळकरांनाही सुचली नसती म्हणाले. ‘नटसम्राट’वर मात्र सक्त नाराजी. घरात चोरी होते, पंचनामा नाही, ठसे नाहीत, थेट म्हाताऱ्या बापावर आळ! ‘‘शिरवाडकर कवी म्हणून ठीक आहेत,’’ एवढं बोलून त्यांनी फाइल बंद केली.

आमच्या वाचक मंडळात एकदा एका तरुण कवीनं प्रेमभंगाच्या कविता वाचल्या. ‘ती’ गेली, ‘ती’ आता नाही, खिडकी बंद आहे, वगैरे. सगळे माना खाली घालून बसलेले. मागून नानांचा खणखणीत आवाज आला, ‘‘शेवटची कुठे दिसली होती?’’ त्या मुलानं पुढच्या महिन्यापासून मंडळात येणं बंद केलं. मराठी कवितेचं त्यात फार नुकसान झालं असं मला वाटत नाही, पण ते नानांना सांगायची सोय नाही. चढून बसतील.

मग त्यांनी ‘रणांगण’ नेलं. १९३९ची कादंबरी, युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट आणि बोटीवर नाझींच्या जर्मनीतून परागंदा झालेली हर्टा. मला धडकीच भरली. अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या दिवशी निकाल आला : ‘‘चक्रधर विध्वंस! अरे, लेखकानं आरोपीचं नाव आडनावासकट हातात ठेवलंय, आणि तुमचे समीक्षक ती प्रेमकथा म्हणून वाचतायत.’’ मी वाद घातला नाही. दोन दिवसांनी नाना रस्त्यात भेटले तेव्हा आवाज जरा उतरला होता. ‘‘मी घाई केली. विध्वंस नुसता साथीदार. मुख्य आरोपी बोटीवर नाहीच. तो बर्लिनला बसलाय.’’

आता याला काय म्हणायचं? आमच्या मंडळात ‘रणांगण’वर चांगली दीड तास चर्चा झाली होती. निवेदनाची घाटणी झाली, अस्तित्ववाद झाला, चहा झाला. बर्लिनपर्यंत कोणी गेलं नव्हतं. निम्मे तर शंभराव्या पानापर्यंतही गेले नव्हते, हे मला खात्रीनं माहीत आहे, कारण मंडळाची ती प्रत माझ्याकडे होती आणि पुढची पानं कोरी करकरीत होती. नाना तसं करूच शकत नाहीत. खुनी शेवटच्या पानावर सापडला तर? या एका धास्तीपायी हा माणूस प्रत्येक पुस्तक, कितीही चिडत का होईना, पूर्ण वाचतो. तेवढं श्रेय द्यावं लागतं.

‘कोसला’ त्यांनी तीन आठवडे ठेवलं. दंड भरला, तोही कुरकुर न करता. परत करायला आले तेव्हा मी काउंटरवर होतो. म्हटलं, आज आपण विचारू. ‘‘काय नाना, यात खून कोणाचा?’’

‘‘मनीचा,’’ नाना म्हणाले. ‘‘सांगवीकरची धाकटी बहीण. एवढीशी. देवीनं जाते. हा सगळ्यांवर चिडतो, पण धरून आणावं असं कोणी सापडतच नाही.’’ मग पावतीची घडी घालता घालता, ‘‘आमच्याकडेही झालं होतं तसं. माझ्या पाठची. मी नऊ वर्षांचा होतो, बरेच दिवस शोधत होतो.’’

मला काही सुचेना. ताईंनी सवयीनं पुस्तक उघडलं, सत्ताविसावं पान काढलं. फुली नव्हती. ‘‘राहिली का मारायची?’’

‘‘तपास चालू आहे,’’ नाना म्हणाले आणि नेमाड्यांचंच ‘हिंदू’ काढून घेतलं. उभ्या उभ्या पहिली पानं चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला. ‘‘हे बघ, सुरुवातीलाच मोहेंजोदडो. खणतायत! म्हणजे प्रेत निघणारच.’’

‘‘सहाशे पानं आहेत नाना,’’ ताई म्हणाल्या, ‘‘पंधरा दिवसांत परत पाहिजे हं.’’

‘‘बाई, खुनाचं आरोपपत्र ठेवायला पोलिसांनासुद्धा नव्वद दिवस मिळतात.’’