फूटपाथवरचे कायदेपंडित

हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो, लेस्टर. आपल्याकडचा किराणा मिळतो अशा कुठल्याही इंग्लिश हाय स्ट्रीटवर हे काका भेटतात. दुकान बेताचंच. पुढे पोहे, भाजणी, मेतकूट, कोकम. मागे चार टेबलं आणि मिसळीचं पातेलं. पातेलं काकू सांभाळतात, गल्ला मुलगी सांभाळते आणि काका पाटी सांभाळतात.

पाटी म्हणजे ए-बोर्ड. वर बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, खाली फाकलेले पाय, मधे साखळी. सकाळी नऊला काका ती बाहेर आणतात, ओल्या फडक्याने पुसतात, खडूने ‘आज मिसळ’ लिहितात. दुसरा दुकानदार एवढ्यावर आत गेला असता. काका खिशातून टेप काढतात आणि पाटीच्या पायापासून फूटपाथच्या कडेपर्यंत अंतर मोजतात. सरकारी मार्गदर्शिकेनुसार चालणाऱ्याला मोकळी वाट दोन मीटर हवी, जागा नसेल तर दीड, आणि अडथळ्यापाशी अगदीच नाइलाज असेल तर एक. काका दीडवर समाधान मानतात आणि टेपचा आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवतात. पुरावा म्हणून.

हाच माणूस डोंबिवलीत वडिलांच्या दुकानात बसायचा, तेव्हा साखरेची पोती थेट रस्त्यावर असायची. अतिक्रमणवाल्यांची गाडी निघाली की नाक्यावरून शिट्टी यायची, तीन मिनिटांत फूटपाथ साफ, आणि गाडी वळली की पोती परत जागेवर. कुठल्या कलमाखाली, असं त्या काळात काकांनी कुणाला विचारलं नाही.

इथे गाडी आली नाही. पाकीट आलं. ‘प्रिय महोदय’ अशी सुरुवात, आणि खाली हायवेज ॲक्ट 1980, कलम 143: आपण सार्वजनिक रस्त्यावर ठेवलेली वस्तू काढून घ्यावी, नाही तर आम्ही ती उचलू, पण नोटीस दिल्यापासून एक महिना उलटल्याशिवाय नाही. काकांना गहिवरून आलं. “उचलायच्या आधी महिनाभर सांगतात! याला म्हणतात राज्य.” ते पत्र त्यांनी फ्रेम करायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि त्याच रात्री अख्खा कायदा वाचायला घेतला.

तिथून त्यांचा धंदा बदलला. आता ते मिसळीसोबत कलमं वाढतात. 130 म्हणजे रस्ता वापरण्याचा जनतेचा हक्क राखणं हे कौन्सिलचं कर्तव्य. 137 म्हणजे जाणूनबुजून वाट अडवणं. हे 137 सांगताना त्यांचा आवाज चढतो, कारण 2022 पासून त्यात तुरुंगवासाचीही सोय झाली आहे. ती रस्ता रोखून बसणाऱ्या आंदोलकांसाठी केलेली. काका मात्र ती स्वतःकडे ओढून घेतात. “टिळक मंडालेला गेले, आम्ही वर्मवुड स्क्रब्जला जाऊ.” काकू आतून म्हणतात, “जाताना कांदे चिरून जा.”

मग त्यांना खिळे सापडले. दुकानापुढे, फरशांच्या सांध्यात, पितळेचे तीन खिळे. आत आपली खासगी जागा, बाहेर सार्वजनिक रस्ता, याची ती खूण. लंडनमध्ये अनेक दुकानांपुढे असे खिळे असतात आणि लोक आयुष्यभर त्यांच्यावरून चालतात. काका त्या दिवसापासून ते पॉलिश करतात. इंग्लंडच्या 2007 सालच्या जाहिरात नियमांप्रमाणे दुकानापुढच्या खासगी अंगणात एकूण 4.6 चौरस मीटरपर्यंतच्या पाट्या वेगळी परवानगी न काढता लावता येतात. काकांनी हिशोब केला: दोन्ही बाजू धरल्या तरी आपल्यासारख्या चार पाट्या बसतात! बसल्याही असत्या, पण अंगण खोलीला दीड फूट आणि पाटीचे पाय दोन फूट फाकतात. म्हणजे एक पाय खासगी, एक पाय सरकारी. पाहणीला आलेला कौन्सिलचा पोरगेला अधिकारी फोन हातात धरून खाली वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला. काकूंनी त्याला चहा आणि बटाटेवडा दिला. काका त्याला म्हणाले, “साहेब, पुढचा पाय तुमचा, मागचा माझा. तुमचा तेवढा घेऊन जा.”

हायवेज ॲक्टमध्येच 31वं कलम आहे. एखाद्या जागेवरून लोक हक्काने, बिनविरोध 20 वर्षं चालत राहिले तर ती वाट सार्वजनिक झाली असं मानतात. मालकाची तशी इच्छा नाही हे दाखवणारी सूचना लावली तर ते टळतं. काकांनी लगेच सूचना लावली: ‘ही जागा खासगी आहे.’ त्यासाठी दुसरी पाटी आणली. आता पहिल्या पाटीच्या जागेचं रक्षण दुसरी पाटी करते आणि दोघींच्या मधून गिऱ्हाइकाला तिरकं व्हावं लागतं.

शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र काका कर्तव्यकठोर आहेत. न्हाव्याची पाटी, व्हेपवाल्याचा झेंडा, इस्टेट एजंटचा बोर्ड, सगळ्यांची मापं त्यांच्या वहीत आहेत आणि तक्रारी कौन्सिलकडे. स्वतःची पाटी हा हक्क, दुसऱ्याची हा अडथळा. यात त्यांना काही खटकत नाही. माझ्या मते ही वृत्ती डोंबिवलीहूनच सामानात आली असावी. एडिंबरामध्ये 5 नोव्हेंबर 2018 पासून शहरभर अशा पाट्यांना बंदी आहे, हे ते सुतक पाळल्यासारखं सांगतात. तिथला किल्ला बघायला गेलेल्या पाहुण्यांकडून त्यांनी फोटो मागवले. किल्ल्याचे नव्हे, मोकळ्या फूटपाथचे.

करोनाच्या काळात, 2020 मध्ये, सरकारने फूटपाथवर टेबलं मांडायला झटपट परवाने दिले आणि 2024 मध्ये ती सोय कायमची केली. काकांनी यादी वाचली. टेबल, खुर्ची, छत्री, हीटर. पाटीचं नाव नाही. त्यांनी परवाना घेतला, दोन खुर्च्या बाहेर ठेवल्या आणि त्यांच्या पाठींवर ‘मिसळ’ आणि ‘वडापाव’ रंगवलं. मिसळीच्या खुर्चीवर कुणी बसलं की काका बाहेर येऊन त्याला वडापावच्या खुर्चीवर हलवतात. शिकायला आलेल्या भाच्याला त्यांनी पाटी गळ्यात अडकवून उभं राहायला सांगून पाहिलं. व्हिक्टोरियन लंडनमध्ये असे पाटीवाले पोटासाठी दिवसभर फिरत, शिवाय माणूस म्हणजे काही 143 मधली वस्तू नव्हे. भाचा म्हणाला, “मामा, स्टुडंट व्हिसावर आठवड्याला वीसच तास. आणि ते मी दुसऱ्या कुणालाही देईन.”

या सगळ्यात काकांना एकदाच कुणी निरुत्तर केलं. पांढरी काठी घेऊन रोज चहाला येणारे एक वयस्कर इंग्लिश गृहस्थ. ते म्हणाले, “बसस्टॉप, खांब, कचऱ्याचा डबा, सगळं मला पाठ आहे, कारण ते हलत नाही. तुमची पाटी तेवढी रोज नव्या ठिकाणी नडगीला लागते.” अंधांच्या संस्था इथे वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या आहेत. काका दिवसभर गप्प होते. काकूंना वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी पांढऱ्या ऑइलपेंटने फूटपाथवर पाटीच्या चारही पायांच्या चौकटी आखल्या. आता ती मिलिमीटरभरही हलणार नव्हती.

आठवड्यात पाकीट आलं. कलम 132: परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्याच्या पृष्ठभागावर खुणा रंगवणं. हे कलम काकांच्या वाचनातून निसटलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मुलीला म्हणाले, “अजून एक आहे बघ!” चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद.

दुकान त्या पाटीवर चालत नाही. ते काकूंच्या व्हॉट्सॲपवर चालतं, आणि गणपती-दिवाळीत मंडळातून येणाऱ्या फराळाच्या ऑर्डरींवर. कुठल्या दिवशी पाटीवर काय लिहिलं होतं, हे एकाही गिऱ्हाइकाला सांगता येणार नाही. तेव्हा तिकडे गेलात तर मिसळ जरूर खा, ती उत्तम असते. फक्त ती संपेपर्यंत पाटीचा विषय काढू नका. काका 130 पासून सुरू करतात.