शुभेच्छुकांची उतरंड

आकुर्डीत डिझाइन स्टुडिओ वर्षानुवर्षे चालवायचा तर रंगसंगतीपेक्षा राजकारण कळावं लागतं. एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांची लेटरहेडं पेजमेकर आणि श्रीलिपीवर जुळवत धंदा सुरू झाला. 2007 मध्ये बजाजच्या इथल्या कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन थांबलं. नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र थांबले नाहीत. वर साहेब, मध्ये दादा, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. एखादा चेहरा बोटभर लहान झाला की रात्री साडेअकराला फोन! मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि ‘भावी नगरसेवक’ बरीच वर्षं भावीच राहिले. त्यांच्याकडची आमची बिलंही भावीच. तेव्हा या धंद्यात पडणाऱ्यांनो, फॉन्ट नंतर शिका, आधी अ‍ॅडव्हान्स घ्यायला शिका.