आरसाशास्त्री

आमच्या गल्लीत समोरून टेम्पो आला की दोघांपैकी एकाने मागे जायचं असतं. त्या दिवशी मी गेलो नाही आणि टेम्पोही गेला नाही. पापड मोडल्यासारखा आवाज झाला. माझ्या गाडीचा उजवा आरसा उलटा दुमडला, काचेच्या चिरफळ्या झाल्या आणि वरचं रंगीत टोपण उडून गटाराच्या जाळीत बसलं. टेम्पोवाला "काय नाय झालं, घासलं फक्त," असा निकाल देऊन निघूनही गेला.

सोसायटीत येऊन गाडी लावतोय तोवर आप्पा हजर. असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. निवृत्त, सडसडीत, खिशाला टेस्टर. वार्षिक सभेत तो झोपलेला असतो, पण कुणाच्या गाडीचा आरसा फुटला की त्याच्या चेहऱ्यावर तेज चढतं. सांत्वन वगैरे त्याच्या गावी नसतं. "शोरूमला फोन नाही ना केलात?" हा त्याचा पहिला प्रश्न. विहिरीत पाय नाही ना टाकलात, अशा सुरात.

केला नव्हता म्हटल्यावर आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आरसा हातात धरला. आरसा म्हणजे एक वस्तू, असं आपण समजतो. ते आपलं अज्ञान. काच वेगळी, काचेमागची प्लेट वेगळी, तिच्यामागे मोटर, मग खोकं, खोक्यावर टोपण, आणि हे सगळं दाराला धरून ठेवणारे नट आतल्या त्रिकोणी पट्टीच्या मागे. आप्पांनी मला गाडीत बसवून बटण दाबायला लावलं. आत काहीतरी कुईं करून हललं. "काच गेली. टोपण चिरलंय. मोटर जिवंत आहे," ते म्हणाले, आणि मला उगाचच पेढे वाटावेसे वाटले.

मी चाचरत विम्याचा विषय काढला. आप्पा याचीच वाट पाहत होते. "काचेला घसारा नाही, हे बरोबर. पण प्लॅस्टिकला निम्मा घसारा! वर पहिले हजार रुपये सक्तीने तुमच्या खिशातून. आणि नो क्लेम बोनस? पाच वर्षं क्लेम केला नाही की ५० टक्के मिळतो. या चिमुकल्या काचेपायी तो घालवणार?" हे सगळं त्यांना रामरक्षेसारखं पाठ होतं. मला माझ्या पॉलिसीचा नंबरही पाठ नाही.

तरी आम्ही शोरूमला गेलोच. आप्पांच्याच आग्रहाने. "विकत नाही घ्यायचं, फक्त भाव काढायचा." काउंटरवरच्या मुलाने संगणकात डोकं घालून सांगितलं, "सर, काच सुटी येत नाही. फुल असेंब्ली घ्यावी लागेल. साडेसहा हजार. टोपण काळं येतं, रंगाचे वेगळे." आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पोराचा दहावीचा निकाल लागलाय आणि पहिला आलाय. त्यांनी तो आकडा आणखी दोनदा वदवून घेतला. परतताना रिक्षात ते इतके खुशीत होते की मीटरपेक्षा पाच रुपये जास्त दिले.

लोक आप्पांना कंजूष म्हणतात. साफ चूक आहे. साडेतीनशेच्या काचेसाठी त्यांनी नाना पेठेत दोन खेपा केल्या, रिक्षाने, स्वतःच्या पैशाने. पैसा गेल्याचं त्यांना दुःख नाही. आपण बिल भरून वळलो की मागे कुणीतरी हसेल, हे त्यांना सोसत नाही.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांची रांगच आहे, आणि तिथे तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून नव्हे, उमेदवार म्हणून उभं राहावं लागतं. "कितीचं मॉडेल? मोटरवाला की हाताचा? इंडिकेटर आरशात की बाजूला?" मी असतो तर दुसऱ्याच प्रश्नाला गारद झालो असतो. आप्पांनी फुटलेली काच फडक्यात बांधून नेली होती, ती काउंटरवर ठेवली. दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी काढली. "कंपनीचाच माल, फक्त डबा नाही." टोपण मात्र मिळेना. ते आप्पांना रविवारी जुन्या बाजारात मिळालं. रंग जुळत होता, मॉडेल जुळत होतं, फक्त बाजू डावी होती. आप्पांनी ते घेतलं. "उद्या डावा फुटला तर?"

उजव्या टोपणाची चीर आतून एम-सीलने बुजवली.

काच बसवण्याचा सोहळा पार्किंगमध्ये झाला. आप्पांनी काकूंचा हेअर ड्रायर मागवला, कारण गरम केल्याशिवाय जुनी प्लेट सुटत नाही. वॉचमनने वायर धरली. हाताला फडकं गुंडाळून आप्पांनी खालच्या कडेत बोटं घातली आणि ओढली. चार क्लिपा सुटल्या, एक तुटली. मग नवी काच. "तळव्याने दाबायचं. मध्यावर. कडेला हात लावायचा नाही," असं म्हणत त्यांनी कडेला दाबलं. दुसरी खेप झाली ती यामुळे. पहिली काच सदोष होती, असं त्यांचं मत आहे. दुसरी मात्र टक् करून बसली आणि वॉचमनने टाळी वाजवली.

संध्याकाळी कर्वे रोडला गाडी काढली आणि माझी बोबडी वळली. आरशात एक ट्रक माझ्या मानेवर बसलेला. मूळची काच बहिर्वक्र होती, त्यात सगळं लहान दिसायचं पण पसारा मोठा मावायचा. ही सपाट निघाली. ट्रक ट्रकाएवढाच दिसला आणि त्याच्या पलीकडून येणाऱ्या दुचाक्या पार गायब.

आप्पांना सांगितलं, तर ते खवळले. "अहो, आजवर कंपनी तुम्हाला खोटं दाखवत होती! म्हणून तर काचेवर छापतात, गाड्या दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. कबुलीजबाबच आहे तो." वर इतिहास ऐकवला: २००९ साली नॅनो आली तिला सुरुवातीला आरसा एकच होता, ड्रायव्हरच्या बाजूला; काही अडलं का कुणाचं? आप्पांच्या स्वतःच्या गाडीचे दोन्ही आरसे गेली नऊ वर्षं मिटलेले आहेत. उघडले की फुटतात, म्हणून.

मी गुपचूप एक छोटा गोल आरसा आणून काचेच्या कोपऱ्यात चिकटवला. तो आप्पांना दिसला, पण ते काही बोलले नाहीत. हल्ली पार्किंगमध्ये भेटले की ते माझ्याशी बोलता बोलता डाव्या आरशाकडे बघतात. ते डावं टोपण त्यांच्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं आहे.

गल्लीत टेम्पो दिसला की आता मीच मुकाट्याने मागे जातो. आप्पांना ते फारसं आवडलेलं नाही.