माशांना यूव्ही, मालकाला झोप

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आणणारी माणसे दोन अवस्थांतून जातात. पहिल्या अवस्थेत ती मासे बघतात. दुसऱ्या अवस्थेत माशांच्या अंगावर काही उठले आहे का ते बघतात. पहिली अवस्था फार तर पंधरवडा टिकते. दुसरीला अंत नाही. सकाळी चहाच्या आधी विजेरी घेऊन काचेला नाक लावायचे आणि निळ्या टँगच्या, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत ‘डोरी’च्या, पंखावर दिसणारा पांढरा ठिपका हा वाळूचा कण, हवेचा बुडबुडा की रोग, याचा निवाडा करायचा. बुडबुडा निघाला तर दिवस बरा जातो. ठिपका जागचा हलला नाही, तर दुकानदाराला फोन जातो. दुकानदार क्रॉफर्ड मार्केटचा असो की कुर्ल्याचा, त्याचे उत्तर ठरलेले असते. “साहेब, यूव्ही लावून टाका आणि निवांत झोपा.”

या वाक्यात माशांबद्दल एक शब्दही नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. आश्वासन आहे ते झोपेचे, आणि तेही साहेबांच्या.

हा यूव्ही म्हणजे दिसायला काळ्या प्लास्टिकची एक नळी. आत क्वार्ट्झच्या काचेचे आवरण आणि त्या आवरणात पाऱ्याच्या वाफेचा दिवा. पंप टाकीतले पाणी नळीत ढकलतो, पाणी दिव्याला घासून जाते आणि परत टाकीत येते. दिव्यातून साधारण 254 नॅनोमीटरची अतिनील किरणे निघतात. ती सूक्ष्मजीवाच्या डीएनएपर्यंत पोचतात आणि तिथे शेजारी शेजारी बसलेल्या थायमिनच्या जोड्या एकमेकांना जखडून टाकतात. त्यानंतर त्या जिवाला स्वतःची नक्कल काढता येत नाही. तो जागच्या जागी मरेलच असे नाही, पण त्याचा वंश तिथे खुंटतो. निर्दयपणाची इतकी शांत तऱ्हा दुसरी नसेल. आरडाओरडा नाही, रक्तपात नाही, नुसते निर्वंश होणे.

आमच्या घरात या खरेदीला पहिला पाठिंबा स्वयंपाकघरातून मिळाला. “अहो, आपल्या प्यायच्या पाण्याच्या मशीनमध्येही हाच दिवा आहे ना? मग माशांनी काय घोडं मारलंय?” असा सौभाग्यवतींचा प्रश्न. प्रश्नात दम होता. ओट्याजवळच्या भिंतीवर लटकणारे ते यंत्र मध्यमवर्गीय मराठी घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल विश्वासाचे स्थान राखून आहे. पण तिथले पाणी नळातून येते, दिव्यासमोरून एकदाच जाते आणि तांब्यात पडते. जे तांब्यात आले ते सगळे दिवा पाहून आलेले असते. टाकीत तसे होत नाही. दिवा पाहून आलेले पाणी दिवा न पाहिलेल्या पाण्यात पुन्हा मिसळते. समजा, टाकी 300 लिटरची आहे आणि नळीतून ताशी 600 लिटर पाणी जाते. अर्ध्या तासात सगळी टाकी धुऊन निघाली, असे आपण आनंदाने म्हणतो. हिशेब मात्र सांगतो की पाणी सारखे ढवळले जात असेल, तर त्या अर्ध्या तासात 63 टक्केच पाण्याची दिव्याशी गाठ पडते. बाकीचे 37 टक्के टाकीतच हिंडत राहते, आणि आधी जाऊन आलेले पाणी दुसऱ्यांदा जाऊन येते. तासाभराने 14 टक्के उरते, दीड तासाने 5. शंभर टक्क्यांचा मुहूर्त काही केल्या येत नाही.

विरोध आईकडून झाला. ती मालवणची, त्यामुळे समुद्राच्या कुठल्याही विषयात तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, “अरे, समुद्रात कुठे कुणी दिवा लावून ठेवलाय? तिथले मासे जगतातच ना?”

सूर्य आहे की, असे मी म्हणून पाहिले. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाऊन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी 1877 मध्ये दाखवून दिले होते, आणि त्याच धाग्याने जात 1910 मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरात पिण्याचे पाणी अतिनील दिव्याने शुद्ध करण्याचा प्रयोग झाला. पण सूर्याची ही 254 नॅनोमीटरची जात पृथ्वीच्या वातावरणातच अडते, समुद्रापर्यंत येतच नाही. म्हणजे माशांच्या आणि त्यांच्या परजीवींच्या असंख्य पिढ्यांनी जे किरण कधी पाहिलेच नाहीत, ते मी ठाण्यातल्या दुसऱ्या मजल्यावर लावायला निघालो होतो. आईचा मुद्दा भक्कम झाला आणि तोही माझ्याच पुराव्याने.

तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर समुद्राच्या अफाटपणात आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. हौशी मंडळी त्याला नुसते ‘इक’ म्हणतात. तो काही दिवस माशाच्या कातडीखाली खाऊन पिऊन पुष्ट होतो, मग मासा सोडून खाली उतरतो आणि दगडावर, वाळूत किंवा काचेवर कोश करून बसतो. कोशात त्याचे विभाजन होत राहते. काही कोश तिसऱ्या दिवशी फुटतात, काही महिनाभर थांबतात, क्वचित एखादा दोन महिन्यांहूनही अधिक काळ दडून बसतो. फुटला की त्यातून पोहणारी पिल्ले शेकड्यांनी बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठायचा असतो, नाहीतर त्यांचे आयुष्य संपते. समुद्रात मासा गाठणे हा नशिबाचा खेळ आहे, आणि बहुतेक पिल्ले तो हरतात. 300 लिटरच्या काचेच्या पेटीत नशिबाला कामच उरत नाही. पिल्लू ज्या दिशेला निघेल त्या दिशेला मासा असतोच. समुद्र आपल्या माशांना पाण्याच्या विस्ताराने सांभाळतो. आपण विस्तार आणू शकत नाही, म्हणून दिवा आणतो.

आता दिव्याचे सामर्थ्य किती, ते बघू. यूव्ही हा टोलनाका आहे. जो नाक्यावरून जाईल त्याची वसुली होईल. जो गावातल्या रस्त्याने सटकेल त्याला नाकेवाला ओळखतही नाही. माशाच्या कातडीतला परजीवी नाक्यावर येत नाही. दगडावरचा कोश येत नाही. येते ते फक्त पाण्यात पोहणारे पिल्लू, आणि त्यातही जे पंपाच्या तोंडाशी सापडेल तेच. शिवाय हे कोश बहुतेककरून पहाटेच्या अंधारात फुटतात. त्या वेळी मासे दगडांच्या कपारीत, म्हणजे कोशांच्या अगदी जवळ, निजलेले असतात. पिल्लाचा प्रवास वीतभराचा. मधे नाका लागणार कुठून? त्यामुळे यूव्ही टाकीतल्या पिल्लांची संख्या कमी करतो, साथीचा जोर मोडू शकतो, पण झालेला रोग बरा करत नाही. या दोन गोष्टींमध्ये केवढे अंतर आहे ते एखादी साथ पाहिलेल्या माणसाला विचारावे.

मग दुकानदार खोटे बोलतो का? अजिबात नाही. तो स्वतःच्या दुकानातले बोलतो. त्याच्याकडे एकाच पाण्यावर ओळीने टाक्या चालतात. एका टाकीतले पाणी खालच्या मोठ्या हौदात येते आणि तिथून दिव्यासमोरून जाऊनच दुसऱ्या टाकीत चढते. तिथे आडवाट नाही. पहिल्या टाकीतला रोग सातव्या टाकीत जायचा तर त्याला नाका ओलांडावाच लागतो. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत यूव्ही दिसतो तो याच कारणाने. दुकानदाराचा सल्ला प्रामाणिक आहे, फक्त आपल्या घरी टाकी एकच असते.

तरीही घ्यायचाच म्हटला तर पाणी किती वेगाने सोडायचे हा पुढचा पेच. सूक्ष्मजीवाला किती किरण मिळाले ते दिव्याच्या ताकदीवर आणि तो दिव्यासमोर किती वेळ राहिला यावर ठरते. तरंगते शेवाळ आणि जिवाणू थोडक्यात आटपतात. परजीवीच्या पिल्लाला त्याच्या कितीतरी पट मात्रा लागते. पाणी हळू सोडावे तर मात्रा पुरते, पण दिवसभरात थोडेच पाणी जाते. जोरात सोडावे तर पुष्कळ जाते, पण परजीवी हात हलवत परत येतात. दोन्ही साधायचे तर मोठा दिवा, मोठी नळी आणि त्याच मापाचे पाकीट हवे. म्हणून खोक्यावर ‘अमुक लिटरच्या टाकीसाठी’ असे काय छापले आहे ते वाचून खूश होऊ नये. परजीवीसाठी ताशी किती लिटर पाणी सोडायचे, तो आकडा विचारावा.

यूव्हीवर काही आरोप उगाच होतात, तेही निकालात काढले पाहिजेत. तो उपयोगी जिवाणू मारतो, असे म्हणतात. अमोनियाचा निकाल लावणारे ते कष्टाळू जिवाणू दगडांवर आणि वाळूत चिकटून राहतात, त्यांना नळीची सहल घडतच नाही. बाटलीतले जिवाणू नव्याने सोडताना तेवढा दिवा बंद ठेवावा. काही औषधेही या किरणांनी निकामी होतात, म्हणून औषधाच्या दिवसांतही तो बंदच बरा. पाण्यातले तरंगते प्लवक मात्र तो खरोखर मारतो आणि प्रवाळांचा घास थोडा कमी होतो. पण आपल्याकडे प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. त्यांना समुद्रातच राहू द्यावे, म्हणजे ही चिंता आपोआप मिटते.

या यंत्रातली सर्वांत लबाड गोष्ट म्हणजे त्याचा निळा उजेड. नळीच्या टोकाशी असलेल्या खिडकीवजा फटीतून तो मंद झिरपतो आणि बघणाऱ्याला धीर देतो. पण काम करणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि उघडा दिवा पाहू जाल तर डोळ्यांना इजा होते. दिसतो तो उजेड निव्वळ सोबतीला आलेला. वर्षभर जळल्यावर दिव्याची मारक शक्ती उतरते, तरी निळाई तशीच राहते. क्वार्ट्झवर चुन्याची पुटे चढतात, किरण आतल्या आत अडतात, तरी निळाई तशीच. वर्षाकाठी दिवा बदलायचा आणि मधूनमधून आवरण काढून व्हिनेगरने पुसायचे, एवढी सेवा घडली नाही तर ते काळ्या नळीतले शोभेचे दिवे होतात. त्यात दिव्याची ऊब पाण्याला लागते. मे महिन्यात आपल्याकडचे पाणी आधीच तापलेले, मग चिलर जास्त वेळ चालतो आणि विजेचे बिल घरातल्या सर्वांना एकदम समुद्रशास्त्राची गोडी लावते.

जकार्त्याचे ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली पद्धत मांडली तेव्हा त्यांच्या टाकीत समुद्राचे पाणी, जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यापलीकडे फारसे काही नव्हते. आई हे ऐकून खूश झाली. पण त्यांना समुद्र जवळ होता, आणि टाकीत जास्त मासे कोंबण्याचा मोह टाळण्याचा संयमही होता. दुसरी वस्तू कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तेव्हा माझा निवाडा असा. पाणी सारखे गढूळ होत असेल, मासे थोडे दाटीने राहत असतील, आणि योग्य मापाचा दिवा घेऊन त्याची वर्षभर निगा राखायची तयारी असेल, तर यूव्ही जरूर लावा. त्याने अपाय होत नाही, थोडा उपायही होतो. पण त्याआधी एक साधी, वाळू-दगड नसलेली वेगळी टाकी घ्या आणि नवा मासा महिनाभर तिथेच ठेवा. तांब्याचे औषध मोजून द्यायची वेळ आली तर तेही तिथेच द्या, कारण मुख्य टाकीत तेच औषध कोळंबीला आणि शंखांना मारते. मुख्य टाकीत इक शिरलाच असेल, तर सगळे मासे बाहेर काढून ती दहा-अकरा आठवडे माशांविना ठेवा, म्हणजे उशिरा फुटणाऱ्या कोशांची पिल्लेही उपाशी मरतील. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला निळा उजेड नाही, पण रोग त्यानेच जातो. दोन्हींपैकी एकाच वस्तूपुरते पैसे असतील, तर दिवा दुकानातच राहू द्या.