आधी पिंप तपासा

एप्रिल ते जून १९९८. दिल्लीतल्या दोन रुग्णालयांत ३६ मुलं दाखल झाली. सगळ्यात लहान दोन महिन्यांचं, सगळ्यात मोठं सहा वर्षांचं. बहुतेक गुडगाव परिसरातली किंवा तिथं औषधोपचार घेऊन आलेली. आधी साधा ताप, थोडी सर्दी, कुणाला जुलाब. जवळच्या डॉक्टरने औषध दिलं आणि मग लघवी बंद झाली. ३३ मुलं गेली.

साथ असेल, असं वाटलं. जंतू शोधले, सापडले नाहीत.

सापडलं ते खोकल्याचं औषध. गुडगावातच बनलेलं. त्यात १७.५ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल होतं.

हा पदार्थ ब्रेकच्या तेलात चालतो, गाडीच्या कूलंटमध्ये चालतो, छपाईच्या शाईत चालतो. पोटात चालत नाही.

मग बाटलीत येतो कसा? पॅरासिटामॉलसारखी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यांना विरघळवायला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल लागतं. या द्रवांचे दोन दर्जे असतात: औषधी आणि औद्योगिक. औद्योगिक माल स्वस्त पडतो, आणि त्यातूनच हा पदार्थ आत शिरतो. दोन्ही द्रव रंगहीन आणि घट्टसर, चवही गोड. भेसळ डोळ्याला दिसत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते.

आणि तिथं या द्रवाचं पिंप पोचतच नाही.

शरीरात पुढे काय होतं, हे शास्त्राने पायरीपायरीने दाखवलं आहे. यकृतातली विकरं या ग्लायकॉलचं रूपांतर करत जातात. शेवटी डायग्लायकॉलिक आम्ल तयार होतं. ते मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशींत साचतं, पेशींचा ऊर्जापुरवठा तोडतं आणि पेशी मरतात. सुरुवातीला उलट्या, पोटदुखी. एक-दोन दिवसांनी लघवी कमी, मग बंद. फोमेपिझोल नावाचं औषध यकृतातली पहिलीच पायरी अडवतं, पण ते मूत्रपिंडं जायच्या आत मिळायला हवं.

खोकल्याच्या औषधानंतर मूल ओकलं, तर ते तापाने ओकलं की औषधाने, हे आईने ओळखायचं कसं?

बरं, हा पदार्थ मारतो हे कालपरवा कळलं का? मुळीच नाही. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध याच ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं. १०५ माणसं मेली. शिकागो विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ यूजीन गायलिंग यांच्या प्रयोगशाळेने प्राण्यांवर चाचण्या करून गुन्हेगार पकडला. औषध निर्दोष होतं, द्रावक मारेकरी होतं. त्या कामात एक विद्यार्थिनी होती, फ्रान्सिस ओल्डहॅम. पुढे फ्रान्सिस केल्सी या नावाने तिनेच थॅलिडोमाइडला अमेरिकेच्या बाजारात शिरू दिलं नाही.

१९३८ मध्ये अमेरिकेने कायदा केला: नवं औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्या. १०५ मृत्यूंनंतर एका देशाला एवढं सुचलं.

आपल्याला किती मृत्यू लागतात?

१९७३, चेन्नई: हेच विष. १९८६, मुंबईचं जे. जे. रुग्णालय: ग्लिसरीन म्हणून जे पाजलं त्यात हेच विष निघालं, १४ रुग्ण दगावले. चौकशी आयोगाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी मंत्रालयापासून रुग्णालयाच्या भांडारापर्यंत सगळ्यांची उलटतपासणी घेतली आणि अहवालात यंत्रणेची लक्तरं टांगली. महाराष्ट्र हादरला. १२ वर्षांनी गुडगाव.

गुडगावचा शोधनिबंध २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. मूत्रपिंडाच्या ऊतींची तपासणी, बाटलीतल्या विषाचं प्रमाण, मुलांची माहिती, सगळं त्यात आहे. दिल्लीतल्या डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं. त्यांच्या हाती फक्त कारखान्याची किल्ली नव्हती.

ती ज्यांच्या हाती होती त्यांनी तो निबंध वाचला का?

राजधानीचा नकाशा समोर घ्या. देशाच्या औषध नियंत्रकांचं कार्यालय कोटला रोडवर. कुठल्या औषधात काय किती असावं हे ठरवणारं इंडियन फार्माकोपिया कमिशन गाझियाबादला. एम्स तर शहराच्या मध्यावरच म्हणा ना. कायदा, प्रमाण आणि संशोधन तिन्ही तासाभराच्या अंतरावर.

त्याच अंतरात कुंडलीही येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या चार पातळ औषधांबद्दल इशारा दिला. गांबियात किमान ६६ मुलं दगावली होती. औषधांवर नाव होतं सोनीपत जिल्ह्यातल्या कुंडलीच्या मेडन फार्मास्युटिकल्सचं. कंपनीने आरोप नाकारले. भारत सरकारने सांगितलं, आमच्याकडच्या नमुन्यांत दोष नाही. संघटना आपल्या निष्कर्षावर ठाम राहिली. दोन प्रयोगशाळा, दोन उत्तरं.

गांबियातल्या आईबापांनी कुठलं उत्तर घरी न्यायचं?

तीन महिने होतात न होतात तोच नोएडा. डिसेंबर २०२२, उझबेकिस्तान. नोएडाच्या मॅरियन बायोटेकचं खोकल्याचं औषध घेतलेली १८ मुलं गेल्याचं त्या देशाने जाहीर केलं. इथं उत्तर प्रदेशच्या प्रयोगशाळेत ३६ पैकी २२ नमुने नापास झाले. मार्च २०२३ मध्ये परवाना रद्द झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ताश्कंदच्या न्यायालयाने २३ जणांना तुरुंगात धाडलं. तोवर तिथल्या मृत्यूंचा आकडा साठच्या पुढे गेला होता.

हे पिंप आधीच नापास करता आलं असतं. थिन लेयर क्रोमॅटोग्राफी नावाची पद्धत आहे. लेप दिलेल्या पट्टीवर थेंब सोडायचा, पट्टी द्रावणात उभी करायची, डाग कुठवर चढला ते पाहायचं. संशय आला तर पुढच्या यंत्रावर खात्री करायची. पहिल्या चाळणीला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. माणूस लागतो आणि त्याने ‘नापास’ म्हटल्यावर पिंप परत पाठवणारा मालक लागतो.

मालक नसेल तसा, तर निरीक्षक लागतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५. मध्य प्रदेशातला छिंदवाडा जिल्हा, पराशिया. सर्दी-खोकल्याची लहान मुलं, ‘कोल्ड्रिफ’ची बाटली, बंद झालेली लघवी. मुलांना घेऊन आईबाप धावले नागपूरला, कारण मोठी रुग्णालयं तिथं. विदर्भातल्या डॉक्टरांनी डायलिसिसवर मुलं ठेवली आणि त्यातली अनेक त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मृतांचा आकडा विशीच्या पुढे. औषध तमिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेलं. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने सांगितलं: डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के.

चालवून घेण्याची मर्यादा आहे ०.१ टक्का. म्हणजे जवळपास पाचशे पट. याला भेसळ म्हणायचं? अर्धी बाटली विषाची होती.

औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. डॉक्टरने पिंप तपासायचं असतं का? नाही. पण त्याला दुसरा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो देशभरच्या डॉक्टरांना विचारायला हवा: हे औषध त्या मुलाला हवं कशाला होतं?

क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन ही जोडगोळी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं होतं. वेष्टनावर तशी सूचना छापा, असंही सांगितलं होतं. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडगोळी होती, जोडीला पॅरासिटामॉल. एवढ्या लहान मुलांचा खोकला अशा औषधांनी बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. साधी सर्दी आठवड्याभरात आपसूक जाते. मुलाला पाणी, आराम आणि लक्ष ठेवणारं माणूस लागतं.

पण औषध न देता डॉक्टरने परत पाठवलं, तर फी कशाची घेतली, असं आपणच विचारतो. हे आपण बदलायला हवं.

आता कारखान्यांकडे वळू. मुलं गेल्यानंतर, ७ ऑक्टोबर २०२५ रोजी, औषध नियंत्रकांनी राज्यांना पत्र लिहिलं. तपासण्यांमध्ये दिसलं की उत्पादक कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासत नाहीत, ती तपासली जाईल हे बघा. वरातीमागून घोडं, तेही पत्राने आलेलं. जे. जे. प्रकरणाला तेव्हा ३९ वर्षं झाली होती.

उत्पादनाचे सुधारित नियम, ज्यांना शेड्यूल एम म्हणतात, डिसेंबर २०२३ अखेर निघाले. मोठ्या कंपन्यांना सहा महिने मिळाले. छोट्यांना जास्त, आणि मग मुदतवाढ, थेट डिसेंबर २०२५ पर्यंत. छोट्या उद्योगांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण पट्टीवर थेंब सोडायला दोन वर्षं लागत नाहीत. ज्याला ती पट्टी परवडत नाही, त्याने साबण बनवावा.

आणि एक नियम असा आहे, जो वाचून संताप येतो. गांबिया आणि उझबेकिस्ताननंतर जगात आपली नाचक्की झाली. सरकार हललं. १ जून २०२३ पासून खोकल्याचं औषध परदेशी पाठवायचं तर आधी ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी, मग प्रमाणपत्र, मगच निर्यात. नियम उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण कांचीपुरमहून पराशियाला निघालेल्या बाटलीला ती अट नव्हती. परदेशातल्या मुलासाठी जे प्रमाणपत्र लागतं, ते छिंदवाड्यातल्या मुलासाठी का लागत नाही, याचं उत्तर कोटला रोडने द्यायचं आहे. लेखी आणि तारखेसह.