ॲम्बियंट काव्यवाचन : नवोदितांसाठी संपूर्ण मार्गदर्शिका

कविता लिहून झाली आहे. दिवाळी अंकाने ती साभार परत केली आहे, घरचे ऐकायला बसत नाहीत, आणि कविसंमेलनात आपले नाव पुकारले जाते तेव्हा मंडपात माइकवाला तेवढा उरलेला असतो. अशा कवीने धीर सोडू नये, लॅपटॉप उघडावा. कवितेच्या मागे एक लांबलचक, कुठेही न जाणारा सूर सोडला की त्याच कवितेचा 'श्राव्य अनुभव' होतो. कवितेला लोक वृत्त विचारतात, अर्थ विचारतात. अनुभवाला फक्त पार्किंग आहे का, एवढेच विचारतात. पुढील सूचना क्रमाने पाळल्यास कोणाही होतकरू कवीला ही कला एका पावसाळ्यात साधावी.

१. आधी घराणे सांगावे

कार्यक्रम संपल्यावर एखादे काका 'हे नेमकं काय होतं?' असे विचारतातच. त्यांना उत्तर देऊ नये, परंपरा सांगावी. म्हणावे, १९७५ साली ब्रायन इनो हा इंग्रज संगीतकार अपघातानंतर अंथरुणाला खिळून होता. मैत्रिणीने आणून दिलेली हार्पची तबकडी त्याने कशीबशी लावली. आवाज फार बारीक होता, स्टिरिओची एक बाजू बंदच होती, आणि उठून काही करण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस. त्या पावसात अर्धेमुर्धे ऐकू येणारे सूर त्याला इतके भावले की त्याने पुढे त्याचेच शास्त्र केले. १९७८ साली 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' काढताना त्याने या संगीताला 'ॲम्बियंट' म्हटले आणि अट घातली, की ते लक्ष देऊन ऐकता यावे आणि तितक्याच सहज दुर्लक्षही करता यावे.

हे शेवटचे कलम अधोरेखित करून ठेवावे. दुर्लक्षित कवी जगात पुष्कळ झाले. पण दुर्लक्ष हेच कलातत्त्व म्हणून आधीच जाहीर करण्याची सोय त्यांना नव्हती.

२. सूर धरावा

'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मधल्या एका रचनेसाठी इनोने माणसांचे सुटे सुटे स्वर टेपवर घेतले आणि प्रत्येक टेपचे वेगळ्या लांबीचे वेटोळे करून ते फिरते ठेवले. एक स्वर दर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा २५ पूर्णांक ७/८ सेकंदांनी, तिसरा २९ पूर्णांक १५/१६ सेकंदांनी. आकडे असे अडनिडे, की हे स्वर पुन्हा त्याच जुळणीत भेटण्याचा योग सहसा येतच नाही. आपण एवढ्या हिशेबात पडू नये. फोनवर तानपुऱ्याचे ॲप लावावे, काळी एक धरावी आणि लॅपटॉपवर त्याचा वेग निम्मा करावा. मिरजेतल्या तानपुरे घडवणाऱ्या कारागिरांना हे कळवू नये.

घरातून 'गाणं कधी सुरू होणार?' अशी विचारणा झाल्यास न्यूयॉर्कचा दाखला द्यावा. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे अमेरिकन शिष्य ला माँट यंग आणि मरियन झझीला यांनी १९८२ साली नुसत्या तानपुऱ्यांचे ध्वनिमुद्रण केले. तासाहून अधिक वेळ तानपुरे वाजतात, गवई येत नाही. आपल्याकडे याला कार्यक्रमाला उशीर झाला म्हणतात. तिकडे तो अल्बम झाला.

३. निसर्ग मिळवावा

सुरावर पाऊस घालावा. पाऊस ताम्हिणीतलाच पाहिजे असे नाही. शेजारच्या बाल्कनीच्या पत्र्यावर पडणारा घ्यावा आणि खाली 'ताम्हिणी घाट, पहाट' असे लिहावे. फोन खिडकीच्या गजाला बांधून अर्धा तास ठेवला की काम होते. मात्र सतराव्या-अठराव्या मिनिटाला खालून हातगाडी जाते आणि तिच्यावरचा भोंगा 'भंगार, रद्दी, जुने कूलर, खराब मिक्सर' असे पुकारत पूर्ण गल्ली ओलांडतो. तो भाग कापून टाकावा. ठेवल्यास कार्यक्रमानंतर श्रोत्यांना तेवढाच आठवतो, कारण संपूर्ण संध्याकाळीत काय हवे आहे हे स्पष्ट सांगणारा तो एकटाच असतो.

४. शब्द निवडावेत

यातूनच पुढचा नियम निघतो : ज्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहील असा शब्द टाळावा. शून्य, क्षितिज, काळोख, असणं, नसणं, आतल्या आत हे शब्द उत्तम; कुठल्याही सुरावर बसतात आणि कुठेही टोचत नाहीत. रॉकेल, गॅलरी, वरणाचा डाग, सव्वापाचची कर्जत लोकल हे शब्द धोक्याचे. ते कानी पडताच श्रोता जागा होतो, आणि जागा झालेला श्रोता पुढच्या ओळीची वाट पाहू लागतो. मग पुढची ओळ लिहावी लागते.

५. वाचन करावे

स्टुडिओला पैसे घालवू नयेत. खोलीतला पंखा बंद करावा, अंगावर गोधडी घ्यावी आणि आत माइक धरून वाचावे. गोधडीत आवाजाचा घुमारा मरतो, कवी घामाघूम होतो आणि स्वरात आपोआप वेदना उतरते.

मराठीत एक तांत्रिक अडचण आहे. भ, फ, ध, ठ यांसारख्या महाप्राण अक्षरांबरोबर तोंडातून हवेचा झोत निघतो आणि तो माइकवर थेट आदळला की 'धब्ब' असा आवाज येतो. आपली कविता तर भग्न, भयाण, भास आणि भोवरा यांच्याशिवाय दुसऱ्या कडव्यात जात नाही. त्यावर उपाय दोन. भरतकामाच्या लाकडी रिंगेवर जुना पायमोजा ताणून तो माइकपुढे धरावा, किंवा माइक किंचित बाजूला ठेवून बोलावे. भाव सोडून द्यावा, हा तिसरा उपाय कोणी सुचवल्यास त्याला समीक्षक समजावे.

यानंतर रिव्हर्ब, म्हणजे यंत्रातला घुमारा. गोधडीने मारलेला घुमारा आता विकत घेऊन परत घालायचा. देवळाच्या गाभाऱ्याएवढा घातला तर शब्द कळतात, म्हणून कॅथेड्रलएवढा घालावा. घुमारा सात-आठ सेकंद रेंगाळू लागला की व्यंजने एकमेकांत विरघळतात आणि स्वर तेवढे तरंगत राहतात. सर्वांत आधी बुडतात ते विभक्तीचे प्रत्यय. 'त्याने तिला' की 'तिने त्याला', हे श्रोत्याला कळेनासे होते. यालाच अनेकार्थता म्हणतात.

दोन ओळींमध्ये विराम घ्यावा. पुढची ओळ विसरल्यावर घेतो तेवढा पुरे.

६. मिश्रण करावे

आवाज सुरू झाला की संगीत आपोआप खाली यावे आणि आवाज थांबला की वर यावे, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. तिला डकिंग म्हणतात. ती वापरू नये. आपल्या कार्यात उलट बसवावे : ओळ जितकी कच्ची, तितका सूर वर. झाकली मूठ सव्वा लाखाची हे या शास्त्राचे पहिले सूत्र असून बाकीची सूत्रे अद्याप लागलेली नाहीत.

७. प्रयोग लावावा

सभागृहात खुर्च्या नकोत, गाद्या घालाव्यात. दिवे मंद करावेत. अर्ध्या तासात निम्मे श्रोते झोपले तर त्याला समाधी समजावे. घोरणाऱ्यास उठवू नये, त्याचा सूर काळी एकशी जुळतो का ते पाहावे. या बाबतीत आपण एरिक सातीपेक्षा सुदैवी आहोत. १९२० साली पॅरिसमध्ये त्याने एका नाटकाच्या मध्यंतरात 'फर्निचर संगीत' वाजवले. लोकांनी ते ऐकू नये, खुशाल फिरावे, गप्पा माराव्यात, अशी त्याची इच्छा. सूर सुरू होताच मंडळी आपापल्या जागी चिडीचूप बसली आणि साती 'बोला, बोला!' म्हणत त्यांच्यामधून धावत सुटला. आपल्याकडे ही पाळी येत नाही. आपल्याकडे लोक कुमार गंधर्वांच्या गाण्यातही समोसे कुठे मिळतात याची चौकशी करत आले आहेत.

८. कुसंगत टाळावी

काही मंडळींनी हा प्रकार बिघडवून ठेवला आहे. त्यांच्या नादी लागू नये. मेरियन फेथफुल या गायिकेने २०२१ साली निघालेल्या अल्बमसाठी वॉरन एलिसच्या संगीतावर बायरन, शेली, कीट्स यांच्या कविता वाचल्या. ध्वनिमुद्रणाच्या मधल्या काळात ती कोविडने रुग्णालयात होती. आवाज खरबरीत, वय सत्तरीच्या पुढे. आणि तरी शब्द न् शब्द कळतो. संगीत मागे उभे राहते, पुढे येऊन खांद्यावर हात टाकत नाही. शिवाय तिने कविता निवडताना चांगल्या निवडल्या, हा तर उघड अन्याय आहे.

मॅक्स रिश्टरने २००४ च्या 'द ब्लू नोटबुक्स'मध्ये टिल्डा स्विन्टनकडून काफ्काच्या वह्यांतले उतारे वाचून घेतले. मागे टाइपरायटरची टकटक, वाचन दोन-चार वाक्यांचे, आणि मग ती गप्प. बोलणारी व्यक्ती वेळेवर थांबते, हे आपल्याकडे साथ करणाऱ्यांनाही मानवणार नाही.

शिकागोच्या स्लॅमवाल्यांपासून तर चार हात दूरच राहावे. मार्क स्मिथने ऐंशीच्या दशकात सुरू केलेल्या त्या स्पर्धांत साधारण तीन मिनिटांची मर्यादा, वाद्ये वर्ज्य, आणि गुण देणारे पंच प्रेक्षकांतूनच उचललेले. एवढ्या उजेडात कविता करणे आरोग्यास अपायकारक आहे.

९. शंकासमाधान

शंका : कीर्तनात हेच नाही का? बुवा निरूपण करतात, पेटीवाला मागे सूर धरून असतो.
समाधान : फरक आहे. बुवांना गोष्ट सांगायची असते.

शंका : विंदा, पाडगावकर आणि बापट गावोगाव काव्यवाचन करत. त्यांच्यामागे कोणता सूर होता?
समाधान : प्रश्न खोडसाळ आहे. तेव्हा लॅपटॉप नव्हते, त्यामुळे त्यांना कवितेवरच भागवावे लागले.

शंका : एकदा संगीत बंद करून नुसती कविता वाचून पाहावी का?
समाधान : कदापि नाही. तशी ती उभी राहिली, तर एवढा खटाटोप कशाला केला असे होईल. आणि नाही राहिली, तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. दोन्हीकडून खोट आपल्यालाच.